पतंग डाल्याखाली, ढेकण्या शेतात

भात चिकात आलं की मला स्वस्थ बसवत नाही. निवृत्त होऊन सव्वा वर्ष झालं. घरात सून आहे, तिला स्वयंपाकघरात माझी लुडबुड नको असते. अंगणात जास्वंदीची कुंडी आहे, ती माझ्या हातून मेली. जन्मभर लोकांना पीक सांभाळायला शिकवलेल्या बाईला हे शोभत नाही, पण झालं खरं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘नोकरीतले गमतीदार अनुभव लिहा’ असं सांगितलं, म्हणून बसले आहे, आणि दर दोन वाक्यांनी उठून खिडकीतून आभाळ बघते आहे. उमरठच्या वरच्या अंगाला एका वाडीत तीन खाचरांत तांबडं भात उभं आहे. त्याच्या लोंबीतला दाणा नखानं दाबला की पांढरा चीक येतो. या आठ-दहा दिवसांत दाणा भरला तर भरला, नाहीतर नुसतं टरफल हाती येतं. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं मला तिकडे जायचं आहे. तोवर हे लिहून व्हायला हवं.

मी कृषी सहायक होते. बाहेरच्या माणसाला हे पद कळत नाही, म्हणून सांगते. खात्याची ही सगळ्यात खालची पायरी. वरून येणारं बियाणं, औषध, पत्रक गावात पोचवायचं आणि गावात काय बिघडलं ते वर कळवायचं. महाड आणि पोलादपूर तालुक्यांत मिळून माझी बहुतेक नोकरी झाली. लोक आजारी पान खिशात घालून आणतात आणि माझ्यापर्यंत पोचेतो त्याचा चुरा होतो. दासगावचे एक गृहस्थ शहाणे, त्यांनी भाताचं रोप मुळासकट बादलीत घालून आणलं. कंडक्टर बादलीचं तिकीट मागायला लागला तर त्याच्याशी भांडले. माझ्यासमोर बादली ठेवली तेव्हा रोप इतकं टवटवीत होतं, की त्याला काय झालंय ते मलाही सांगता येईना. शिवथरच्या एका आजींनी काहीच आणलं नाही, ‘पान रडतंय’ एवढंच सांगितलं. मी दोन दिवस पुस्तकं चाळली. शेवटी जाऊन बघितलं, तर सकाळी पानाच्या टोकाला खरंच थेंब लोंबत होते. रोग वगैरे काही नव्हता, झाडानंच जास्तीचं पाणी बाहेर टाकलेलं. आजी म्हणाल्या, ‘मंग रडतंय म्हटलं त्यात काय चुकलं?’

आता ज्या दोन किड्यांपायी माझी झोप उडाली त्यांच्याबद्दल सांगते. एकाला किडा म्हणणं जिवावर येतं.

ढेकण्या भातावर येतो. बोटाच्या पेरापेक्षा लांब नाही, काडीसारखा बारीक, हिरवट-तपकिरी. लोंबीवर बसला की लोंबीचाच भाग वाटतो. नळीसारखी सोंड दाण्यात खुपसून चीक पितो. दाणा बाहेरून शाबूत दिसतो, आतून रिकामा. अशा पोकळ दाण्याला आमच्याकडे पळिंज म्हणतात. ढेकण्याला धरला तर असा उग्र वास सोडतो, की साबणानं हात धुतला तरी जेवताना आठवण होते. हा सकाळी उन्हं तापायच्या आत आणि संध्याकाळी कलत्या उन्हात काम करतो. दुपारी बांधावरच्या गवतात आरामात बसतो.

दुसरा रानातला मोठा पतंग. सह्याद्रीच्या दाट झाडीत असतो, पावसाळ्यात दिसतो. पंख पसरले तर वीतभराहून रुंद, विटकरी रंगाचे, मध्ये काचेसारखे तिकोनी ठिपके, आणि पंखांच्या टोकाला सापाचं डोकं काढल्यासारखी नक्षी. पहिल्यांदा बघणारा माणूस दोन पावलं मागे सरतोच. आणि या एवढ्या धुडाला तोंड नाही. म्हणजे खायच्या कामाचं तोंड नाही. जे काही खायचं ते अळी असताना, झाडांची पानं खाऊन घेतो. पतंग झाला की आठवडाभर जगतो, अंडी घालतो आणि उपाशी मरतो. वास याचाही असतो. मादी एका जागी बसून गंध सोडते. आपल्या नाकाला तो कळत नाही, पण लांबच्या रानातून नर त्यावर येतो. एकाचा वास माणसाला पळवून लावतो आणि दुसऱ्याचा आपल्याला लागतही नाही, या गोष्टीचं मला तेव्हा फार कौतुक होतं. आता तेवढं राहिलेलं नाही.

त्या वाडीत माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा सगळी खाचरं तांबड्या भाताची होती. हळवं भात, म्हणजे लवकर पिकणारं. दाणा जाड, तांदूळ लाल, उतारा कमी. मी तरुण, खात्यानं नवं पांढरं बियाणं दिलेलं, ते घेऊन घरोघर फिरले. वाडीतली निम्मी माणसं मुंबईला. त्यांनाही गावाहून पांढरा तांदूळ गेलेला हवा होता. मी पडवीत बैठक घेतली, आकडे सांगितले, दोन वर्षांत वाडी पांढरी झाली. वर माझं नाव झालं. मग माझी बदली झाली.

एक घर तेवढं बधलं नाही. वेणूबाईचं. ती तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली, साधारण माझ्याच वयाची. तिनं देवळाजवळचं एक खाचर तांबड्याला ठेवलं. कारण सांगितलं ते मला तेव्हा हसण्यासारखं वाटलं. दसऱ्याला दारावर नवं, म्हणजे नव्या पिकाचं तोरण, बांधतात, त्यात भाताच्या पिकलेल्या लोंब्या लागतात. नवं पांढरं भात दसऱ्याला हिरवंच असतं. ‘मंग देवाला काय कच्चं द्यायचं?’ ती म्हणाली. तेव्हापासून सगळी वाडी नव्याच्या लोंब्या वेणूच्या शेतातून नेते. कोणी विचारत नाही, तीही विचारू देत नाही. एवढ्या वर्षांत त्या भाताचं बियाणं दुसऱ्या कुठल्याच घरी उरलं नाही. मी आजूबाजूच्या वाड्यांतही शोधलं, नाही.

नोकरीची शेवटची दोन वर्षं फिरून मला तीच वाडी मिळाली. त्यांतल्या दुसऱ्या भाद्रपदात मनोहरचा फोन आला. मनोहर मुंबईत कुरियरच्या कचेरीत होता, आता गावी येऊन राहिलाय आणि वाडीत काहीही झालं की पहिला फोन तोच करतो.

‘मॅडम, अर्जंट या. जंगलातनं मोठे किडे आलेत, सापासारखी तोंडं हायत. देवळाच्या भिंतीवर चार बसलेत. वेणूकाकीच्या लोंब्या पांढऱ्या पडायला लागल्यात.’

मी गेले. त्या वर्षी देवळापुढे नवा दिवा बसला होता आणि त्याच्या उजेडाला रानातले पतंग आले होते. दिवसा ते भिंतीला चिकटून बसलेले. शेजारीच वेणूचं खाचर. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. मनोहरनं मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ दाखवला, त्यात हाच पतंग आणि खाली ‘पिकांचा शत्रू’ असं लिहिलेलं. देवळामागच्या राईतून तो येतो, तर राईतलं खालचं रान तोडून जाळायचं असं ठरत होतं. कोयते निघालेच होते.

‘याला तोंडच नाही,’ मी म्हटलं.

‘मॅडम, एवढं मोठं जनावर नि उपाशी ऱ्हातं? काय पन सांगता.’

मला चेव आला. आयुष्यभर पत्रकं वाटली, असा खटला कधी हाती आला नव्हता. मी म्हटलं, आठ दिवस द्या, सिद्ध करून दाखवते. कोंबड्या झाकायचं बांबूचं डालं मागवलं. देवळाच्या मंडपात पाण्याच्या भांड्यात तांबड्या भाताच्या ताज्या लोंब्या उभ्या केल्या, शेजारी एक पतंग ठेवला, वर डालं, त्यावर मच्छरदाणीचं कापड. आठ दिवसांनी लोंब्या मोजू, मग बोला.

शेतही बघितलं. लोंब्यांवर तपकिरी ठिपके होते. ढेकण्या दिसला, पण चार-दोनच. चार-दोन सगळीकडे असतात. तेव्हा सकाळचे सव्वाअकरा झाले होते. महाडहून निघून, पोलादपूरला गाडी बदलून, पुढे पाऊण तास चढून मी यापेक्षा आधी तिथं पोचत नसे. पूर्ण नोकरीत मी त्या शेतावर पोचायची वेळ ही अशीच.

खाचराच्या चारी कोपऱ्यांत काठ्यांना ठेचलेले मुठे बांधले होते. मुठे म्हणजे शेतातले खेकडे. सडले की त्यांच्या वासावर ढेकण्या जमतो आणि मग सकाळी सुपात झाडून तो मारता येतो. वेणू दर वर्षी हे करायची. जुनी रीत आहे आणि चांगली आहे, हे मला माहीत होतं. पण मनोहर म्हणाला, याच घाणीवर ते पतंग येत असणार. मला पुरावा स्वच्छ हवा होता. मी वेणूला सांगितलं, ‘वहिनी, हे काढून टाका. आठ दिवस शेतात काहीच करू नका. नाहीतर हे म्हणतील, वाचलं ते मुठ्यांमुळे वाचलं.’

‘आठ दिस बरेच झाले, बाय. चिकात हाय ते.’

‘मी आहे ना.’

तिनं काठ्या उपटल्या.

ते आठ दिवस फार मजेत गेले, हे लिहिताना लाज वाटते. रोज जायचे, आधी डाल्यापाशी. दुसऱ्या दिवशी डाल्याच्या बाहेर, कापडावर, एक लहानसर पतंग येऊन बसलेला. आतली मादी होती आणि नर तिच्या वासावर आला होता. मी त्याला आत सोडलं. चौथ्या दिवशी मादीनं डाल्याच्या कामट्यांवर अंडी घातली, तांबूस, साबुदाण्याएवढी. मी ती मोजली. फोटो काढून खात्याच्या ग्रुपवर टाकले, वरच्या साहेबांचा अंगठा आला. शाळेची मुलं रांगेनं बघून गेली. मनोहर मंडपात उभा राहून लोकांना समजावून सांगायला लागला, जसा काही त्यालाच हे आधीपासून ठाऊक होतं. एवढं झालं की मी खाचराच्या कडेनं एक चक्कर मारायचे. वास यायचा. मला वाटायचं, मुठ्यांचा राहिलाय.

नवव्या दिवशी निकाल होता. माणसं कामाला जायच्या आत जमणार, म्हणून मी आदल्या संध्याकाळीच वेणूच्या घरी मुक्कामाला गेले. सकाळी उजाडता उजाडता तोंड धुतलं आणि शेताकडे गेले.

बांधावर पाय ठेवला आणि समोरची लोंबी हलली. वारा नव्हता. मग शेजारची हलली. एकेका लोंबीवर सहा-सहा, आठ-आठ. मी हात पुढे केला तसे भर्रकन उठले आणि वासानं डोळ्यांना पाणी आलं. लोंबी ओढून दाणे दाबले. एकाही दाण्यातून चीक आला नाही. दुसरी घेतली, तिसरी घेतली. मी किती वेळ दाबत राहिले कोण जाणे, नखं दुखायला लागली.

मागे वेणू उभी होती.

मंडपात डालं उचललं. पतंग मरून पडले होते, लोंब्यांना धक्का नव्हता. माणसांनी मान डोलावली. राई वाचली. मनोहर म्हणाला, ‘मानलं मॅडम. पन मंग काकीचं भात खाल्लं कोनी?’

मी सांगितलं. ढेकण्यानं खाल्लं, रोज सकाळी मी गाडीत असताना खाल्लं, आणि मुठे मी काढायला लावले.

वेणू खांबापाशी बसली होती. ती आवाज न चढवता म्हणाली, ‘आठ दिस तुम्ही त्याच्याकडं बघितलात, बाय. माझ्या भाताकडं मला बी बघू दिलं नाय.’

त्या दिवशी परतीच्या गाडीत मला दुसरी गोष्ट उमगली आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती. ढेकण्या इतका कधी येत नसे. पूर्वी सगळी वाडी तांबड्याची होती तेव्हा सगळी खाचरं एकदम चिकात यायची आणि ढेकण्या वाटला जायचा. प्रत्येकाच्या वाट्याला थोडा, कोणाला कळतही नसे. पुढे सगळीकडे पांढरं झालं, ते पंधरा-वीस दिवस उशिरा निसवतं, म्हणजे लोंबी बाहेर टाकतं. म्हणजे भाद्रपदात सगळ्या खोऱ्यात चिकात असलेलं खाचर एकच, वेणूचं. शिवाय मुंबईकरांची खाचरं पडीक, त्यांत गवत माजलेलं, तिथं ढेकण्या पोसला जातो. दुसऱ्याच्या खाचरात न विचारता विळा लावायचा नाही ही वाडीची रीत, म्हणून ते गवत कोणी कापत नाही. सगळा ढेकण्या एका शेतावर मी आणून सोडला होता. फक्त त्याला यायला बरीच वर्षं लागली. वेणूचे मुठे तेवढे त्याला थोपवून होते.

त्या दसऱ्याला वाडीनं दारावर हिरव्या लोंब्या बांधल्या.

झोडणी झाल्यावर मी वेणूकडे गेले. आमच्या खात्यात मिठाच्या पाण्याचं एक प्रात्यक्षिक असतं. बादलीत मीठ विरघळवायचं, त्यात बियाणं ओतायचं. भरलेला दाणा बुडतो, पोकळ तरंगतो. तरंगलेलं काढून टाकायचं. गावोगाव मी हे केलेलं आहे, माझे विनोदही ठरलेले आहेत. वेणूच्या अंगणात मी विनोद केला नाही. तिनं सूप ओतलं आणि सगळं वर आलं. मी हातानं ढवळलं. पुन्हा सगळं वर आलं. वेणू ओणवून बघत होती.

‘खाली काय हाय का?’

तरंगलेलं बाजूला केल्यावर तळाला दिसलं. ओंजळभर, आणि माझी ओंजळ लहान आहे. वेणूनं ते गोड्या पाण्यानं धुऊन फडक्यात पसरलं आणि दिवसभर कोंबड्या हाकत राखलं.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. त्या ओंजळीची रोपं तिनं एका कोपऱ्यात लावली. चिकात आली तेव्हा मी दहा दिवस तिच्या पडवीत राहिले. सकाळी उजेडाच्या आधी दोघी शेतात. ती सूप घेऊन, मी जाळी घेऊन. मुठे मी स्वतः ठेचले. कोणी मला बोलावलं नव्हतं आणि वेणूनं ‘या’ही म्हटलं नाही, ‘जा’ही म्हटलं नाही, फक्त भाकरी वाढली. पायलीभर भात झालं. नव्यापुरत्या लोंब्याही मिळाल्या, घराला एकेक.

पण एक खाचर आयुष्यभर दोन बायकांनी राखायचं हा काही उपाय नव्हे. तांबडं चार ठिकाणी लागलं तरच ढेकण्या वाटला जाईल. म्हणून यंदा पेरणीआधी मी वेणूला ते पायलीभर बियाणं घेऊन देवळात बसवलं आणि वाडी जमवली. ज्यांच्यापुढे पूर्वी आकडे सांगितले होते त्यांतली बरीच गेली. त्यांची मुलं होती, मनोहर होता, आणि जुन्यांपैकी गोविंदतात्या. देवळाची पूजा त्यांच्याकडे आहे. आता कानानं कमी, बाकी सगळं जागेवर.

मी उभी राहिले. नोकरीत शेकडो बैठका घेतल्या, पण ‘माझं चुकलं’ हे शब्द खात्याच्या कुठल्याच पत्रकात नसतात. मी म्हटलं, तांबडं सगळ्यांनी सोडा असं मी सांगितलं ते चुकलं. निदान एकेक खाचर ठेवा म्हणायला हवं होतं. आता मूठ-मूठ घ्या आणि कडेच्या खाचरात लावा.

मनोहर मोबाइलकडे बघत राहिला.

तात्या म्हणाले, ‘बाय, तेव्हाबी तुम्हीच सांगितलंत ना?’

‘हो, तात्या.’

‘नि तुमची बदली झाली.’

‘हो.’

‘मंग नवं भात वाऱ्यानं आडवं पडायला लागलं. आम्ही हापिसात गेलो, तं नवीन सायब बोलला, मला नाय माहीत, आधीच्या बाईंना इचारा. तुम्हाला कुठं शोधायचं?’

मला हे कधी कळलंच नव्हतं. मी खाली बघितलं.

‘आता तुमची बदली होत नाय ना?’

‘नाही. आता कुठं होणार.’

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, उलटी केली आणि वेणूपुढे धरली.

‘टाक गो.’